विजयमुहूर्तावरचा प्रोसेसर

कुलवृत्तांतात जावयाला कंसात जागा असते. मुलीचं नाव, पुढे कंस, कंसात जावयाचं नाव आणि गाव. माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे नानांच्या, घराण्याच्या कुलवृत्तांतात मी भावनाच्या पुढे कंसात आहे आणि माझा साडू गुरुदत्त समिधाच्या पुढे कंसात आहे. तेवढ्यापुरती आमची बरोबरी आहे आणि ती मला मान्य नाही.

कंसाबाहेर पडायला जावयाला एकच दार उघडं असतं: ऋणनिर्देश. नाना निवृत्त मुख्याध्यापक. नौपाड्यातल्या घरी बसून गेली सहा वर्षं ते एकटे नवी आवृत्ती तयार करताहेत. चौदा शाखा, साडेतीन हजार माणसं, शिवाय फोटो. त्यांचा डेस्कटॉप मी आणून दिलेला, प्रिंटर मी जोडलेला, मराठी टायपिंग मी शिकवलेलं. ‘संगणक साहाय्य’ या शब्दांपुढे कोणाचं नाव येणार, याबद्दल घरात कोणाला शंका नव्हती. मग गणपतीत गुरुदत्त जेवायला आला.

“नाना, फाइल उघडायला एवढा वेळ?”

“मी तेवढ्यात अंघोळ उरकून घेतो,” नाना म्हणाले.

मी म्हटलं, नवीन मशीनच घेऊ. गुरुदत्त म्हणाला, “कशाला दादा? मदरबोर्ड मस्त आहे. फक्त प्रोसेसर बदला. मी ठाकुर्लीला घरच्या पीसीला तेच केलेलं, वीस मिनिटांत.” आणि त्यानं फोटो दाखवला. तो मी आधीच पाहिला होता. फॅमिली ग्रुपवर त्याला चौदा बदाम मिळालेले. मी दापोलीचा सूर्यास्त टाकला होता त्याला दोन, त्यातला एक भावनाचा, तोही मागून घेतलेला.

“गुरू हुशारच आहे आमचा,” सासूबाई त्याच्या मोदकावर तूप सोडत म्हणाल्या. माझ्या पानाशी येईपर्यंत तुपाचं भांडं संपलं. सत्तावीस वर्षं त्या मला हरिहरराव म्हणतात, त्याला नुसतं गुरू. आदर मला, लाड त्याला.

“प्रोसेसर मी बदलतो,” मी जाहीर केलं.

“नक्की?” भावनानं विचारलं. नवऱ्यावर विश्वास असलेल्या बाईनं हा शब्द इतका लांबवायला नको होता.

प्रोसेसर मी स्वतः जाऊन आणला. नानांनी मुहूर्त काढला: जुना दसऱ्याच्या सकाळी पूजेआधी उतरवायचा, नवा दुपारी विजयमुहूर्तावर चढवायचा. गुरुदत्त समिधाला घेऊन संध्याकाळी सोनं द्यायला येणार होता. तो दारात चपला काढत असताना आत फाइल चुटकीसरशी उघडावी, एवढीच माझी अपेक्षा होती.

आदल्या आठवड्यात त्याचा मेसेज आला होता. “दादा, तुम्हाला माहीत असेलच, पण”. एवढंच वर दिसत होतं, बाकी मजकूर बराच लांब होता. ज्याची सुरुवात ‘तुम्हाला माहीत असेलच’ अशी होते तो मजकूर आपल्याला माहीत नसतो, हे कळण्याइतका मी जगलो आहे. म्हणूनच मी तो उघडला नाही. नुसता अंगठा पाठवला.

दसऱ्याला सकाळी जुना प्रोसेसर अलगद काढला आणि वाटीत ठेवला. दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी, नाना घड्याळ धरून उभे असताना, नवा बसवला. बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला. स्क्रीन काळीच राहिली.

“झालं?” नानांनी विचारलं.

“आता ते आतल्या आत जुळवून घेतंय,” मी म्हणालो. “दोन तास लागतील.”

“लागणारच. नवीन आहे ते,” नाना म्हणाले आणि श्रीखंडाच्या गुंगीत झोपायला गेले.

पुढचा तासभर मी प्रोसेसर काढला, बसवला, रॅम काढली, पुसली, बसवली. स्क्रीनवर माझा चेहरा मात्र स्पष्ट दिसत होता. शेवटी लपून बाल्कनीत गेलो आणि ज्याला फोन करायचा नव्हता त्याला फोन केला.

“दादा, बायोस अपडेट केलेलं ना आधी?” त्यानं पहिलाच प्रश्न विचारला.

“कसलं अपडेट?” मी विचारलं.

“म्हणजे बघा,” तो समजुतीनं म्हणाला. त्याची समजूत मला कधीच सहन झालेली नाही. “बोर्ड आठ वर्षांपूर्वीचा. हा प्रोसेसर त्याच्या नंतर आला. घरात नवा जावई येणार हे घरच्यांना आधी सांगावं लागतं, तसं बोर्डाला सांगावं लागतं. बायोस म्हणजे बोर्डाचं आतलं फर्मवेअर, ते नवं आधी टाकायचं, आणि जुना जावई घरात असतानाच टाकायचं. म्हणजे प्रोसेसर. आता जुना परत बसवा, अपडेट करा, मग नवा. टेन्शन नका घेऊ, निघतोच आहे मी.”

जुना परत बसवायचा होता. मी वाटी शोधायला गेलो. वाटी घासून पालथी घातलेली होती.

“आई, यातली ती चौकोनी वस्तू?”

“देवापाशी आहे की,” सासूबाई म्हणाल्या.

देवघरासमोर पाटावर नानांचा शब्दकोश, त्यांची कात्री, सुऱ्या आणि आठ वर्षं सेवा केलेला प्रोसेसर अशी ओळीनं शस्त्रं मांडलेली. प्रोसेसरवर ओली हळद, ओलं कुंकू, अक्षता आणि झेंडूची पाकळी. पालथा मांडलेला. खाली शेकडो बारीक पिना असतात, त्या वर.

“आई, ही बाजू वर का ठेवलीत?”

“दुसरीकडे काहीतरी राखाडी चिकट लागलेलं होतं हो. ही सोनेरी होती. दसरा आहे ना.”

ती प्रोसेसर गार ठेवायची पेस्ट होती, पण सत्तावीस वर्षांत सासूबाईंना उलट बोललेलो नाही. आणि आज बोलून हळद निघणार नव्हती.

साडेचारला गुरुदत्त आला. समिधा सासूबाईंपाशी गेली आणि हा सरळ माझ्यापाशी आला. पाट पाहिला, हसला नाही. हसला असता तर मी त्याला माफ केलं असतं.

मग स्वयंपाकघराच्या ओट्यावर आम्ही दोन जावई स्पिरिट आणि जुना टूथब्रश घेऊन बसलो. तो कुंकू काढत होता, मी अक्षता.

“दात घासताय की काय त्याचे?” भावना डोकावली.

“ताई, जरा सुई द्या ना. एक पिन वाकलेली आहे,” गुरुदत्त म्हणाला आणि ती त्यानं श्वास रोखून सरळ केली. त्याचा हात जराही हलला नाही. त्याचे हातसुद्धा मला आवडले नाहीत.

जुना प्रोसेसर बसला. स्क्रीन उजळली. त्यानं शर्टाच्या खिशातून पेनड्राइव्ह काढला. सोनं द्यायला आलेल्या माणसाच्या खिशात ती फाइल तयार होती. अपडेट चालू असताना आम्ही दोघं वीज जाऊ नये म्हणून पंख्याकडे बघत बसलो. मग जुना काढला, नवा बसवला, आणि नाना उठून बाहेर आले तेव्हा कुलवृत्तांत दोन सेकंदांत उघडला.

“वा!” नाना म्हणाले. “गुरुदत्त, पाहिलंस? हरिहररावांनी एकहाती केलं.”

“पाहिलं ना,” गुरुदत्त म्हणाला. “दादांचा हात बसलेला आहे.”

हे त्यानं वाईट मनानं म्हटलं असतं तर किती बरं झालं असतं.

“हरिहरराव, बसा. ऋणनिर्देश आत्ताच घाला. आज दिवस चांगला आहे. लिहा: संगणक साहाय्य, ज्येष्ठ जावई हरिहर, यांनी एकहाती...”

मी ‘एकहाती’ टाइप केलं. शेजारी गुरुदत्त निमूट श्रीखंड खात होता. मी ‘एकहाती’ खोडलं, आणि हरिहरपुढे ‘व गुरुदत्त’ लिहिलं. विचार बदलायची थोडी सवड मिळेल असं वाटलं होतं, पण मशीन आता फार जलद झालं होतं.

नानांनी चष्मा पुढे केला. “यानं काय केलं?”

“त्यानं मला एक मेसेज पाठवला होता.”

“मग?”

“तो मी वाचला नाही.”

नानांनी विचार केला. “मग त्याचं नाव कशासाठी?”

“राहू दे नाना,” मी म्हणालो. गुरुदत्तचा चमचा वाटीत थांबला होता.

तो हात धुवायला गेल्यावर मी मेसेज उघडला. पेनड्राइव्ह कसा तयार करायचा, कोणतं बटण दाबायचं, सगळं लहान मुलाला सांगावं तसं लिहिलेलं. शेवटी एक ओळ होती: “आणि दादा, जुना काढलात की आईंच्या हाती लागू देऊ नका. दसरा आहे, त्या पूजा करतील.”

सत्तावीस वर्षं या घरचा जावई मी. आणि आईंना ओळखतो तो.