आप्पारावांचं सोवळं

केसरबाईनं घंगाळातल्या पाण्यात कोपर बुडवून पाहिलं, थोडं गार पाणी ओतलं आणि मुंजाजीला उचलून आत बसवलं. पोरगं सात वर्षांचं, पण उचलताना हाताला काही लागलंच नाही. ऊन पाण्यात बसलं की कधीकधी लघवीचे चार थेंब सुटत. तोवर मुंजाजी घंगाळाचा काठ दोन्ही हातांनी धरून दात आवळून बसे. रडणं त्यानं सोडून दिलं होतं आणि केसरबाईला त्याचीच जास्त भीती वाटत होती.

"आलं का?"

"न्हाई."

"यील. नेट लावू नगं."

कातडीचं तोंड जन्मापासून बारीक. मोठा होईल तसं उकलेल, असं जो तो सांगायचा. सांगायला कुणाचं काय जातं! ते उकललं नाही. लघवीला बसला की आधी कातडी फुगायची, मग दोऱ्याएवढी धार यायची. आता तोंड पिकून सुजलं होतं आणि तीही धार बंद होत आली होती. अंगात कालपासून ताप होता. लोणी लावून झालं, वैदूचा पाला बांधून झाला, ज्याच्या नावावरून पोराचं नाव ठेवलं त्या पिंपळावरच्या मुंजालाही नारळ फोडून झाला. केसरबाई थकली होती. कुणी आणखी एक औषध सांगितलं तर हो म्हणायचंही तिला त्राण उरलं नव्हतं.

तेवढ्यात बंकट, तिचा नवरा, चौसाळ्याहून आला. जोडे न काढताच तो उंबऱ्यावर टेकला. तो लालूमियाँकडं गेला होता. लालूमियाँ म्हणजे जर्राह, गळवं कापणारा, जखमा बांधणारा आणि आपल्या जमातीतल्या पोरांची सुंता करणारा.

"काय मनला?"

"सुंता केल्याबिगर पोरगं उठत न्हाई मनला. घडीभराचं काम हाय."

"मग आनला कावून न्हाई त्याला?"

बंकटनं फेट्याच्या शेवानं तोंड पुसलं आणि शेव तोंडावरच धरून ठेवला.

"येत न्हाई मनतो. हिंदूच्या पोराला वस्तरा लावला अन् उद्या गाव मनलं, लालूमियाँनं पोरगं बाटवलं, तर मी कुठं जाऊ? तुमच्या आप्पारावाचा शब्द आना, मग आत्ता येतो."

"मग इचारायचं की आप्पांना."

"तू इचार," बंकट म्हणाला. "माजं त्वांड न्हाई हुयाचं."

खरंच होतं त्याचं. आप्पारावांपुढं भल्याभल्यांचं तोंड होत नसे. खंडोबाच्या पालखीचा पहिला खांदा त्यांचा आणि त्यांचं सोवळं तर पंचक्रोशीत ठाऊक. गाव उठायच्या आत ते एकटे नदीवर जात, नेसत्या धोतरानिशी बुडी मारत आणि ओल्या धोतरानंच घरी येत. तेवढ्या वेळात नदीची वाट कुणी धरायची नाही. हे वळण त्यांच्या आईनं पोरपणीच लावलेलं. अंगात रेड्याचं बळ असून ते कधी तालमीत उतरले नाहीत. लंगोट लावून दहा जणांच्या घामात लोळणं सोवळ्यात बसत नाही, असं लोकच एकमेकांना समजावून सांगत. जातीनं कुणबी, पण ब्राह्मणानं यावं आणि आप्पांकडून सोवळं शिकून जावं, असा गावचा टोमणा होता. त्यात टोमण्यापेक्षा अभिमानच जास्त होता.

आप्पा ओट्यावर जपमाळ घेऊन बसले होते. घरात एकटेच असत. केसरबाई अंगणात लांब उभी राहिली, पदर कपाळापर्यंत ओढून, आणि जमिनीकडं बघत तिनं सगळं सांगितलं. सांगताना लाज वाटायला हवी होती. पण लाजेलाही अंगात जोर लागतो.

माळ ओढायची थांबली.

"मुतायच्या आधी फुगतं का?" आप्पांनी विचारलं.

केसरबाई दचकली. या माणसाच्या तोंडून असलं काही येईल असं तिला वाटलं नव्हतं.

"फुगतं."

"ताप?"

"कालपसून हाय."

आप्पांनी धोतराचा सोगा गुडघ्यावर ओढून घेतला. मग म्हणाले, "गावाला इचारलं तर गाव न्हाईच मनंल."

"मी गावाला इचारत न्हाई, आप्पा. तुमाला इचारते."

आप्पांनी माळ गोमुखीत ठेवली, उठले आणि तिच्याकडं पाठ केली.

"मी सोवळ्यात हाय. जा आता घरी."

केसरबाईच्या डोक्यात एकदम जाळ झाला. देवाला खांदा देणारा माणूस, आणि एका लेकराला एक शब्द देववेना!

"तुमचं सोवळं तुमाला लखलाभ," ती म्हणाली. "माजं पोरगं मेलं तर खांद्याला तरी येऊ नगा, बाटाल."

गावात आप्पारावांना असं कुणी बोललं नव्हतं. त्यांची पाठ हलली नाही. केसरबाई घरी आली आणि पुन्हा चुलीवर पाणी ठेवलं, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

उन्हं कलायच्या सुमाराला दारात खोकल्याचा आवाज आला. काखेत कातड्याची थैली घेऊन लालूमियाँ उभा होता.

"आप्पाराव सवता आलते माज्या दारी," तो म्हणाला. "ह्या उन्हात, पायी. मनले, कुनी बोललं तर माजं नाव सांग. बाई, चूल पेटती हाय का? वस्तरा उकळायचा हाय."

केसरबाईच्या हातातला तांब्या तसाच राहिला. विचार करायला वेळ नव्हता. बंकट मुंजाजीला मांडीत धरून बसला आणि त्यानंच डोळे मिटून घेतले. लालूमियाँ हात धुऊन पुढं आला, पण अडखळला.

"एक हाय बाई. अल्लाचं नाव घेतल्याबिगर माजा हात चालत न्हाई."

बंकटनं डोळे उघडले. केसरबाईनं त्याच्याकडं पाहिलंही नाही.

"घ्या," ती म्हणाली. "ज्याचं नाव घेतल्यानं हात थिर राहतो त्याचं घ्या. मी माज्या खंडोबाचं घेते."

लालूमियाँ पुटपुटला आणि मग मोठ्यानं म्हणाला, "मुंजाजी, वर बघ बे, आढ्याला सोन्याची चिमनी!"

मुंजाजीनं वर पाहिलं. तो ओरडला, तोवर लालूमियाँ पट्टी बांधायला लागला होता.

लालूमियाँ गेल्यावर आप्पा आले. आजवर ते कुणाच्या घरात शिरले नव्हते. त्यांच्या हातात कोंबड्या झाकायचं एक डालं होतं, जुनं, धुरानं काळं पडलेलं. केसरबाई बघतच राहिली. आप्पांच्या घरात कोंबडीचं पीससुद्धा चालत नसे.

"कमरंवर हे पालथं घाल," आप्पा म्हणाले. "वर चादर टाक. चादर लागली की जीव जातो पोराचा."

तिनं घातलं. चादर डाल्यावर तंबूसारखी उभी राहिली आणि मुंजाजीच्या कपाळावरची आठी सैल झाली.

"मुतायला आली की उभं राहूनच मुतू दे, बसवू नगं. पैल्यांदा आग हुती. तवा मांडीवर गार पान्याचा हात फिरव, मंजी आवळून धरत न्हाई."

थोड्या वेळानं मुंजाजी कण्हला. केसरबाईनं त्याला उभं केलं, मांडीवर ओला हात फिरवला. आप्पांनी तोंड फिरवलं, पण ते कान देऊन होते. आधी काहीच नाही. मग पोरगं ओरडलं आणि जमिनीवर धार पडल्याचा आवाज आला, चांगला मोठा.

"आई, आलं."

बंकट बाहेर जाऊन रडला. केसरबाई रडली नाही. पोराला निजवून, डालं नीट ठेवून ती आप्पांपुढं आली. ते जायला निघाले होते.

"आप्पा, मी सकाळी लई बोलले."

"याला पोरांत नदीवर धाडू नगं," आप्पा तिचं न ऐकल्यासारखं म्हणाले. "पोरं बगत्यात. अन् पोरांचं त्वांड मंजी गावची दवंडी. बरा झाला की पहाटं माज्यासंगं धाड. धोतराचा तुकडा नेसवून."

"तुमच्यासंगं? पन तुमचं सोवळं..."

"कुनी इचारलं तर सांग, पोरगं सोवळ्यात हाय."

केसरबाईनं वर पाहिलं. पदर कपाळावरून सरकला, तो सावरायचंही तिला सुचलं नाही. तिची नजर त्या काळ्या डाल्याकडं गेली आणि परत आप्पांकडं आली. मग ती खाली वाकली आणि त्यांच्या पायांना हात लावला. आप्पांनी पाय मागं घेतले नाहीत.

"किती वर्सं पाळावं लागतं, आप्पा?"

आप्पांनी कोपऱ्यात टेकवलेली आपली काठी घेतली.

"आई मनली व्हती, जानता हुईस्तवर," ते म्हणाले. "फुडं सोडायचं कसं, ते सांगायची ऱ्हाऊन गेली."