बर्टविसल गावची पाटी

मित्रांनो, मी दारावर लावायची पितळी पाटी आहे. फार जुनी नाही. पण वर्षभर कपाटात पडून राहिलं की पितळही काळवंडतं.

कुवेत सिटीत झहूर यांचं कोरीवकामाचं दुकान आहे, तिथे मी जन्मले. मला घडवून घेतलं मूळच्या कोकणातल्या यूसुफभाई कर्जीकरांनी. त्यांच्या लेकीला, शाझियाला, थॉमस नावाच्या इंग्रज इंजिनिअरशी निकाह करायचा होता. कलमा पढायला तो तयार होता. पण कोकणात पाहुण्याला आधी गाव विचारतात. यूसुफभाईंनीही विचारलं. थॉमस म्हणाला, गाव आडनावातच आहे. बर्टविसल म्हणजे जुन्या इंग्रजीत, दोन ओढे मिळतात तिथली पाखरांच्या पिल्लांची जागा. लँकाशायरात आहे; आता तिथे वस्ती नाही.

यूसुफभाई लेकीला एवढंच म्हणाले, "बघू."

दुकानात मात्र ते झहूरना सांगत होते, "हा तर आपल्यासारखाच निघाला. मी कर्जीचा, तो बर्टविसलचा."

"मग शेवटी 'कर' लावू का, भाईजान?"

दोघे हसले. त्या हसण्यात माझ्यावर 'बर्टविसल' ही अक्षरं कोरली गेली.

थोड्याच दिवसांत यूसुफभाईंचं हृदय थांबलं. वर्षभराने त्यांचं बनेद अल-गार भागातलं घर रिकामं करायची वेळ आली, तेव्हा मी कपाटात टॉवेलात गुंडाळलेली शाझियाच्या हाती लागले. थॉमसला माझ्याबद्दल काहीच ठाऊक नव्हतं. अब्बांचं 'हो' ऐकायचं राहून गेलं म्हणून निकाह तिने आधीच दोनदा पुढे ढकलला होता. आता तिला एकच प्रश्न छळू लागला. अब्बांनी पाटी बनवून घेतली, मग दिली का नाही? मन फिरलं असेल का? ती मला पर्समधून काढायची, पुसायची, परत ठेवायची. मला सगळं माहीत होतं. पण पाटीला एकच शब्द बोलता येतो.

अखेर कोरीवकामाची दुकानं पालथी घालत ती झहूरपर्यंत पोचली. त्यांनी मला हातात घेतलं.

"निकाहाच्या दिवशी स्वतः लावणार होते. तोवर लेकीला सांगू नको म्हणाले. रुमैथियाला तुमच्या नव्या घरी जाऊन दाराचं मापसुद्धा घेऊन आले होते, बेटा."

शाझियाने मला त्यांच्या हातून परत घेतलं. मग तिने विचारलं, "स्क्रू तुमच्याकडे मिळतील?"

आज मी त्याच दारावर आहे; माझ्यावर ऊन येतं, धूळ बसते. शाझिया मला रोज पुसते. मित्रांनो, कुणाला द्यायचं ते कपाटात जपून ठेवू नका. वस्तू टिकते, देणारा हात टिकतोच असं नाही.