वरच्या फळीवरचा डबा

बालाघाटच्या बसस्टँडमागे महागूचं गाड्यांच्या सामानाचं दुकान आहे. या दुकानात खोटं बोलायची सोय नाही, असं तो स्वतःच सगळ्यांना सांगत असे. डावीकडच्या फळ्यांवर कंपनीचा माल, उजवीकडच्या फळ्यांवर लोकल. जुनी गाडी घेऊन येणारा प्रत्येक माणूस आधी छाती फुगवून ‘ओरिजनल द्या’ म्हणतो आणि भाव ऐकला की मान हळूच उजवीकडे वळवतो, हे महागूला पाठ झालं होतं. तो कोणाला हसत नसे. आरसा, दाराची मूठ, वायपर, हे खुशाल लोकल घ्या, म्हणे. मोडलं तर नुसता वैताग येईल. ब्रेक आणि स्टेअरिंगचं सामान मात्र डावीकडून घ्या, नाहीतर माझ्या दुकानातून घेऊच नका. लालबर्र्यापासून किरनापुरपर्यंतचे मिस्त्री आपली गिऱ्हाइकं त्याच्याकडे पाठवत ती या एका बोलण्यावर.

हा नियम त्यानं एकदाच मोडला. आणि कोणासाठी मोडला, तर सख्ख्या लेकीच्या सासऱ्यासाठी.

महागूची लेक रचना किरनापुरला दिली होती. जावई अश्विन राइस मिलमध्ये हिशेब बघणारा, साधा पोरगा, त्याच्याबद्दल तक्रार नाही. तक्रार होती ती व्याह्यांबद्दल. मोतीलालची शेती बरी, घर बरं, दारात एक पांढरी जुनाट गाडी, आणि त्या गाडीचं सगळं पोट महागूच्या दुकानावर भरत होतं. लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यात तो आला, क्लच प्लेट घेतली, बेल्ट घेतला, आणि ‘आता हे आपल्या घरचंच दुकान’ असं म्हणून निघून गेला. तेव्हापासून तसंच. लेकीच्या सासऱ्याकडे पैसे कोणत्या तोंडानं मागायचे? काउंटरवर पैसे जमा झाल्याची बोंब मारणारा तो छोटा स्पीकर ठेवलेला असतो ना, तो मोतीलालच्या बाबतीत कायमचा मुका होता.

तरी महागूनं ते सोसलं असतं. फुकट नेणारा निदान मान खाली घालून नेतो. हा बाबा फुकट नेई आणि वर तपासून नेई. महागूच्या खुर्चीवर बसायचं, डबा उजेडात धरायचा, चकचकीत शिक्का नखानं खरवडायचा, वास घ्यायचा. दान की बछिया के दाँत नहीं देखे जाते, असं आपल्याकडचे लोक म्हणतात. मोतीलाल फुकटच्या कालवडीचे दातच काय, जीभसुद्धा बाहेर काढून बघणारा माणूस.

श्रावणात तो ब्रेकचं मास्टर सिलिंडर न्यायला आला. पेडल दाबलं की चाकांकडे तेल ढकलतं ते हे, म्हणजे ब्रेकचं काळीजच. दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती. महागूनं डावीकडच्या फळीला हात घातला, तेवढ्यात मोतीलाल त्या चौघांकडे बघून म्हणाला, “नीट पाहून घ्याव लागते भाऊ. आजकाल सोयऱ्याचा बी भरोसा नाही.” चौघं हसले. त्यातले दोन महागूचे जुने मिस्त्री होते.

आपलेच दात आणि आपलेच ओठ. महागूचा हात डावीकडून निघाला आणि सगळ्यात वरच्या फळीवर गेला. तिथे एक डबा कधीचा पडून होता. एक फिरता विक्रेता नमुना म्हणून ठेवून गेलेला. आत तेच सिलिंडर, पण अस्सल नकली. लोकल माल स्वतःच्या नावानं विकला जातो, त्यात लाज नाही. हा दुसऱ्याचं नाव लावून आलेला, डबा हुबेहूब कंपनीचा. नव्या मिस्त्र्यांना दाखवायला महागूनं तो ठेवला होता. बघा रे, म्हणायचा, वरून नवरदेव आणि आतलं रबर सहा महिन्यांत सडणार.

मोतीलालनं डबा उजेडात धरला. शिक्का खरवडला. वास घेतला. मग मोठ्या समाधानानं मान डोलावली आणि हा खरा माल आहे, असं चौघांना सांगितलं. महागूला त्या दिवशी जेवण गोड लागलं. खोटं कशाला सांगू, दोन-चार दिवस तो एकटाच हसत होता. गाडी काय, दारात उभी असते, म्हातारा बैलगाडीच्या चालीनं बाजारापर्यंत नेतो नि आणतो; एक दिवस पेडल खाली जाईल, कुठल्यातरी बांधाला धडकेल, नाक खाली होईल. एवढाच त्याचा हिशेब.

दसरा झाला. एका दुपारी महागू दुकानातून घरी जेवायला आला, तर शेवंताबाई, त्याची बायको, गालातल्या गालात हसत ताट वाढत होती. रचनाला दिवस गेले होते. तिसरा महिना पुरा होईपर्यंत कोणाला सांगायचं नाही, बापाला तर नाहीच, म्हणून मायलेकींनी तोंड बंद ठेवलं होतं. महागूचा घास हातातच राहिला, आनंदानं. शेवंताबाई बोलत राहिली. डॉक्टरीणबाईनं मोटरसायकलवर बसायला सुरुवातीलाच मनाई केली होती. म्हणून तपासणीला अश्विन तिला गाडीनंच बालाघाटला आणतो. दोनदा आणून झालं, उद्या तिसऱ्यांदा. दुकानावरूनच गेली म्हणे पोर, पण उतरली नाही. उतरली असती तर बापाला कळलं असतं. सासरा मात्र भला माणूस निघाला, शेवंताबाई म्हणाली. सुनेसाठी जुनाट गाडी दुरुस्त केली. ब्रेकसुद्धा नवा टाकला, आपल्याच दुकानातून नेऊन.

महागूनं ताट सारलं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा त्यानं आपल्या हातानं तासून दिला होता. काय झालं ते बायकोला सांगायची हिंमत झाली नाही. दुकानात जाऊन त्यानं डावीकडच्या फळीवरून खरं सिलिंडर काढलं, स्कूटरच्या डिकीत टाकलं आणि तडक किरनापुरचा रस्ता धरला. वाटभर तो थापा जुळवत होता. माणूस एकदा खोट्याच्या वाटेला लागला की पुढची वाट आपोआप सापडते.

मोतीलाल ओसरीत बसला होता. नातवंड होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही महागूच्या घरची रीत; घसा कोरडा पडला तरी त्याला पाणी मागता येईना. त्यानं थाप मारली. कंपनीनं त्या खेपेचा सगळा माल परत मागवलाय, नवीन पीस आणलाय, आत्ताच्या आत्ता मिस्त्री बोलावू, मजुरी माझी. मोतीलालनं शांतपणे ऐकलं आणि कंपनीचा कागद मागितला. कागद नव्हता. मग मोतीलाल म्हणाला की आपण माल स्वतः तपासून आणलाय, गाडी मस्त चालून राह्यली, कंपनीची चिठ्ठी येईल तेव्हा बघू. चांगल्या चालत्या गाडीचं पोट फाडायला तो खुळा नव्हता. एवढं बोलून तो फोनवर कुणाशी तरी धानाच्या भावाचं बोलायला लागला.

महागू उठून पडवीत गाडीपाशी गेला. दार उघडून बसला आणि ब्रेकवर पाय ठेवला. पेडल थोडं थांबलं, मग पायाखाली हळूहळू खाली बसत गेलं. सहा महिनेही लागले नव्हते; आतलं रबर गेलं होतं. मान वर केली तर दारापाशी रचना उभी होती. चेहरा जरा ओढलेला, पदर नीट घेतलेला. बापाला पाहून आधी ती हसली, मग त्याच्या पायाकडे पाहून तिचं हसू गेलं.

“दोनदा दाबला तवाच लागते ब्रेक आता,” ती म्हणाली. “अश्विन हळूच चालवते.”

महागू गाडीतून उतरला. तिच्या डोळ्यांत बघणं त्याला जमेना. या गाडीत बसू नको, एवढंच तो म्हणाला; उद्या मी रिक्षा पाठवतो, शेजारच्या अंजूच्या नवऱ्याची गाडी पाठवतो, कोणाचीही पाठवतो, पण या गाडीत बसू नको. का, असं ती विचारील म्हणून तो थांबला. तिनं विचारलं नाही.

“मले मालूम आहे, बाबा,” रचना म्हणाली. “डबा घरात आला तवाच मी ओळखला. शाळेतून आली का दुकानातच बसत होती ना मी. त्यावरच्या शिक्क्याचा रंग फिका होता. तो वरच्या फळीवरचाच डबा होय.”

महागूनं गाडीचं दार बंद केलं.

“मंग काहून बसली? दोनदा काहून बसली?”

“सासऱ्याले सांगतली असती, तं तुमचं नाव गेलं असतं. साऱ्या बालाघाटात तुमचं नाव आहे.” ती जरा थांबली. “अन् मीनं म्हनलं, बाबाले मालूम असन. डबा तोच असन, आतमधला माल बदलवून देल्ला असन. माल माह्या घरी जाऊन राह्यला, तं नकली कसा देतीन?”

तिनं हे रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. महागूला कधी नव्हे ती स्वतःची इतकी किळस आली की त्याला तिथे उभं राहवेना. चार लोक एकदा हसले म्हणून त्यानं काय केलं होतं, आणि ही पोर त्याच्यावर भरवसा टाकून, पोटावर हात ठेवून, त्या रस्त्यानं दोनदा जाऊन आली होती. तो तसाच ओसरीत गेला. मोतीलालचा फोन संपायची वाट न बघता, उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. नकली होतं. मुद्दाम दिलं. तुमच्यावरच्या रागानं दिलं. रचनाचं माहीत नव्हतं.

मोतीलालनं फोन खाली ठेवला. तो ओरडेल, शिव्या देईल, गावाला गोळा करील असं महागूला वाटलं होतं. त्याची तयारीही होती. पण मोतीलालनं खुंटीवरची गाडीची किल्ली काढून आपल्या खिशात टाकली. आतून विमलाबाई, रचनाची सासू, दारात येऊन उभी राहिली.

“मी फुकट नेत होतो, हे खरं आहे,” मोतीलाल शेवटी म्हणाला. “तुमी एकदा तोंडावर बोलले असते, तं मी नसतो नेलो. मी चिकट मानूस होय, महागूजी. पन मी माह्या सुनेसाठी ब्रेक आनाले आलतो.”

मग मोतीलालनं एकच निर्णय सांगितला, तोही आवाज न चढवता. रचनाचं पहिलं बाळंतपण इथेच होईल. माहेरी पाठवणार नाही. ज्या हातानं असा डबा दिला, त्या हाताच्या घरी सून नि नातवंड पाठवायचा जीव होत नाही.

शेवंताबाईनं लेकीच्या बाळंतपणासाठी बाज विणायला टाकायचं दुपारीच ठरवलं होतं. महागूनं विमलाबाईकडे पाहिलं. ती खाली बघत होती. मग त्यानं रचनाकडे पाहिलं. एका शब्दानं तरी ती बोलेल, माझा बाप असा नाही, असं काहीतरी, या आशेनं पाहिलं. लहानपणी दुकानात कोणी मालावर शंका घेतली, तर बापाच्या आधी हीच पोर भांडायला उठायची. ती आता सासूच्या बाजूला भिंतीला टेकून उभी होती.

शेवटी मिस्त्रीला बोलवायचं ठरलं, संध्याकाळपर्यंत तो येणार होता. महागूला थांबायला कोणी सांगितलं नाही. त्यानं स्कूटरच्या डिकीतून नवा डबा काढला. मोतीलालच्या हातात द्यायचा धीर होईना, म्हणून रचनाला दिला. तिनं दोन्ही हातांनी घेतला आणि स्कूटरपर्यंत त्याच्याबरोबर आली. तिथे कोणी ऐकणारं नव्हतं.

“बाबा,” तिनं हलक्या आवाजात विचारलं, “हे तरी खरं आहे ना?”

“हौ,” महागू म्हणाला.

रचनानं मान हलवली. मग तिथेच उभ्याउभ्या तिनं डबा फोडला, सिलिंडर बाहेर काढलं आणि उन्हात धरून पाहू लागली.