ओळंब्याखालची हनुवटी

"बघा, बघा! मागच्यांनी खुर्चीवर उभं राहून बघा, पण खुर्ची मोडू नका!"

ओळंबेबाबांचा शिष्य ओरडला आणि फर्निचरच्या दुकानावरचा तो अख्खा हॉल टाचा उंचावून उभा राहिला. समोर स्टुलावर अकरा वर्षांची भिंगरी बसली होती. एका जागी घटकाभर टिकत नाही म्हणून घरात तिला हेच नाव पडलं होतं. आत्ता मात्र ती हलत नव्हती आणि पहिल्या रांगेत तिच्या आईचा जीव टांगणीला लागला होता.

"दात दातांवर आवळ, बाळ. घट्ट!" बाबा म्हणाले.

भिंगरीनं दात आवळले. बाबांनी तिच्या कपाळाच्या मध्यावर बोट टेकून गवंड्याचा असतो तसा पितळी ओळंबा सोडला. दोरा नाकावरून सरळ खाली उतरला. हनुवटी मात्र दोऱ्याच्या डावीकडे चांगली बोटभर सरकलेली होती. लोक हळहळले.

"पाहिलंत? हिची सगळी ऊर्जा डावीकडे सांडली आहे. उजवी बाजू कोरडी ठणठणीत! आणि डॉक्टर काय करतात? तारा ओढतात. अहो, माणसाचं तोंड आहे की शेताचं कुंपण?"

हॉल खदखदून हसला. बाबांनी एक लाकडी गोळी भिंगरीच्या पुढच्या दातांत ठेवली. "हलकेच धर. चावायचं नाही." मग त्यांनी तिच्या गालावरून अंगठा फिरवला आणि तोंडानं काहीतरी आवाज काढला. मंत्र म्हणावा तर त्यात शब्द नव्हते, शिंक म्हणावी तर ती संपेना. पुन्हा ओळंबा सुटला. हनुवटी बरोब्बर दोऱ्याखाली!

टाळ्यांनी छप्पर दणाणलं. आईचे डोळे भरून आले. शेजारी बसलेल्या थोरल्या जाऊबाईंनी तिला कोपरानं ढोसलं. "काय म्हणाले होते मी?"

"आज सूर्य मावळेपर्यंत मौन," बाबांनी बजावलं. "गोळी काढायची नाही, पोटात फक्त पातळ. ते तोंडातलं यंत्र तर बंदच ठेवा. लोखंड असलं की हाड माझं ऐकत नाही. आणि घरात कोणी संशय घेतला तर चेहरा परत फिरेल. मग मला बोल लावायचा नाही!"

चेहरा परत फिरला. संध्याकाळी गोळी निघाली, भुकेनं कासावीस झालेल्या पोरीनं पहिला घास चावला आणि हनुवटी आपल्या जुन्या घरी डावीकडे निघून गेली. जाऊबाईंनी पोरीकडे पाहिलंच नाही, त्यांनी आईकडे पाहिलं.

"तुझ्याच मनात काहीतरी असणार."

"नाही हो ताई, खरंच नाही."

"मग गोळी काय खोटी?"

असं दर रविवारी चाललं होतं. सकाळी चेहरा सरळ, रात्री वाकडा, आणि अपराधी कोण तर आई. तिला झोप लागेना. मनात संशय येऊ नये म्हणून ती मनावर पहारा ठेवायची, आणि पहारा ठेवायचा म्हटलं की संशय हमखास यायचा.

तिची नोकरी चष्म्याच्या दुकानात. दिवसभर लोकांच्या नाकाकानांवर फ्रेमा बसवायच्या. बाबांकडे जाण्याआधी भिंगरीचा चष्मा सारखा तिरका दिसायचा, तेव्हा तिनं फ्रेमच्या दांड्या वाकवून पाहिल्या आणि शेवटी ध्यानात आलं की फ्रेम सरळच आहे, हनुवटी सरकली आहे. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून वरच्या जबड्यासाठी एक प्लेट दिली. प्लेटच्या मध्ये बारीक स्क्रू. आठवड्यातून एकदा तो किल्लीनं थोडासा फिरवायचा, म्हणजे जबडा हळूहळू रुंदावतो. किल्ली आईनं फिरवायची. भिंगरी डोळे गच्च मिटायची आणि आईचा हात लटपटायचा. खरं सांगायचं तर बाबांवर आईचा विश्वास बसला नव्हता. किल्लीच्या भीतीनं तिला त्या हॉलपर्यंत नेलं होतं. आता प्लेट कपाटात, डबीत पडून होती.

एका दुपारी भिंगरी गणितं सोडवत होती. गणित अडलं की पेन्सिल तोंडात आडवी धरायची तिची जुनी खोड. आई कपड्यांच्या घड्या घालत होती. सहज मान वर केली आणि हातातला टॉवेल तिथंच राहिला.

"भिंगरे, गोळी घातलीस तोंडात?"

"अंहं." तिनं पेन्सिल दाखवली.

"परत धर बघू. आता काढ. दात आवळ."

पेन्सिल असली की हनुवटी मधोमध, काढून दात आवळले की डावीकडे. आईनं चमचा दिला. मध्ये. खोडरबर दिलं. मध्ये. दुधाच्या बाटलीचं बूच दिलं. तेही सिद्धपुरुष निघालं!

"आई, आपलं घरच बाबा आहे," भिंगरी म्हणाली आणि हसता हसता लोळली. आईला मात्र हसू आलं नाही. तिनं कपाटातून डबी काढली आणि लेकीला घेऊन तडक दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं, प्लेट भिंगरीच्या तोंडात बसवून पाहिली. बसेना.

"जेवढं रुंदावलं होतं तेवढं परत आवळलं," त्या चिडून म्हणाल्या. "नवी प्लेट करावी लागेल. अहो, हिचा वरचा जबडा अरुंद आहे. दात मिटताना टोकं टोकांवर आपटतात, म्हणून ती खालचा जबडा डावीकडे सरकवून चावते. फुगलेलं दार आपण जरा रेटून लावतो ना, तसं. दातांत काहीही धरा, दात एकमेकांना लागत नाहीत आणि जबडा आपोआप मध्ये येतो. गोळी काढली, घास चावला, की परत तेच."

"म्हणून पातळ खायला सांगतो!"

"म्हणूनच. आणि दारात तो शिष्य सगळ्यांना तोंड उघडमीट करायला लावतो ना? ज्यांची हनुवटी सरकते तेवढेच आत घेतो. ज्यांचं हाडच वाकडं वाढलंय, त्यांना 'तुमची वेळ आली नाही' म्हणून परत पाठवतो." मग त्यांचा आवाज उतरला. "हिची हाडं अजून वाढताहेत. हेच दिवस आहेत. वर्षानुवर्षं ती अशीच सरकवून चावत राहिली तर हाडही तसंच वाढेल, आणि मग कदाचित शस्त्रक्रियेवर येईल. तेव्हा मी प्लेट देऊन काही उपयोग नाही."

आईला आता कळलं. आपल्या संशयानं काहीच बिघडलं नव्हतं. संशय दाबून ठेवला, त्यानं बिघडलं होतं.

पुढच्या रविवारी ती पुन्हा पहिल्या रांगेत होती. स्टुलावर एक तरुण शिंपी बसला होता, दातांत गोळी, ओळंबा सरळ, टाळ्या. आई उठली आणि पर्समधून बिस्किटाचा पुडा काढला.

"बाबा, यांना एक बिस्कीट खाऊ द्या."

"मौन आहे! पातळ!"

"पण चेहरा बरा झाला ना? बरा झालेला माणूस बिस्कीट खाईल की."

"हीच ती संशयी बाई!" बाबा गरजले. "हिच्यापायी पोरीचा चेहरा फिरतो!"

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. जाऊबाईंनी आईचा पदर ओढला, "खाली बस गं!" तेवढ्यात भिंगरी सुसाट पुढे पळाली. तिनं बाबांच्या हातातला ओळंबाच हिसकावला आणि कपाळाला लावला. दात आवळले, हनुवटी डावीकडे. खिशातून चावून चावून खडबडीत झालेली पेन्सिल काढून दातांत धरली, हनुवटी मध्ये.

"ही पेन्सिल मी शाळेसमोरच्या दुकानातून घेतली," ती बोबडं बोलली. "तिला मंत्र येत नाही."

आधी एक जण हसला, मग सगळा हॉल. शिंप्यानं गोळी काढून बिस्कीट चावलं, आणि ओळंब्यानं उरलेलं सांगितलं. मागून एका बाईनं चिडून विचारलं, "मग मला का तीनदा परत पाठवलं?"

"तुमचं कारण वेगळं असेल," आई म्हणाली. "ते तपासूनच कळेल. गोळीला ते कळत नाही." बाबा मागच्या जिन्यानं उतरताना कुणी पाहिले नाहीत, कारण जो तो दातांत पेन धरून शेजाऱ्याला हनुवटी दाखवत होता.

वाचकहो, आपला चेहरा, आपलं मूल वाकडं दिसावं असं कुणालाच वाटत नाही, आणि घाबरलेल्या माणसाला सोपा उपाय हवाच असतो. त्यात लाज नाही. पण चमत्कार दिसला की एवढं तरी विचारा: हा जेवल्यावर टिकतो का? जो उपाय तुम्हाला प्रश्न विचारू देत नाही, तो उपाय नव्हे.

नवी प्लेट आली त्या संध्याकाळी जाऊबाई आपणहून टॉर्च धरून उभ्या राहिल्या. "किती दिवस लागतील गं?" त्यांनी हळूच विचारलं.

"बरेच महिने. आणि चेहरा दोऱ्यात मोजून बसेल असंही नाही ताई. कुणाचाच बसत नाही. दुकानात रोज बघते मी, एक कान वर, एक खाली." आईनं स्क्रूत किल्ली घातली. भिंगरीनं डोळे मिटले, मग एक उघडला. किल्ली फिरली, बाहेर आली.

"आई, तुझा हात अजून थरथरतोय."

"थरथरू दे," आई म्हणाली. "किल्ली बरोबर फिरली."