पाठीवरची नावं

खट्.

सकाळच्या शांत स्वयंपाकघरात हा आवाज झाला की समजावं, माझा दिवस सुरू झाला. कापड दाबून धरणारा माझा पोलादी पाय खाली पडतो, त्याचा हा आवाज. छोटी टिल्डा बालवाडीत गेलेली असते, तिचे बाबा इथल्या समुद्राएवढ्या सरोवरांवरच्या मालबोटीवर महिना महिना बाहेर असतात, आणि तिच्या आईची, रेनाटाची, कॉफी माझ्या शेजारी निवत असते. एवढ्याच काय त्या निवांत घटका. त्या आम्ही दोघी वाटून घेतो.

मित्रांनो, मी एक जुनी शिलाई मशीन आहे. जुनी म्हणजे अडगळीतली नव्हे. माझं अंग ओतीव लोखंडाचं आहे, हिरव्या रंगाचे टवके उडाले आहेत. पण माझ्यासारखी नागमोडी शिलाई या टोलेडो शहरात दुसऱ्या कुणी घालून दाखवावी. ही बढाई नाही. दर रविवारी अख्खं स्टेडियम माझे टाके बघत असतं.

माझा जन्म झाला तो होड्यांची शिडं शिवण्यासाठी. जाड, ओलसर, हट्टी कापड. पण मी कधी कुरकुर केली नाही. मग शिडांचा कारखाना बंद पडला आणि मी एका पडवीत ताडपत्रीखाली जाऊन पडले. माझ्या पोटात उंदरांनी घर केलं. तिथून मला उचललं ते रेनाटाच्या सासूबाईंनी, पिरोश्काबाईंनी. त्यांनी दात घासायच्या ब्रशाने माझा कोपरान्‌कोपरा रॉकेलने धुतला आणि म्हणाल्या, "हिला काही झालेलं नाही. हिला फक्त कुणी विचारलेलं नाही."

त्याच वर्षी हॅल प्रुइट आमच्या दारात आला. शहराच्या फुटबॉल संघाचं सगळं सामान सांभाळणारा माणूस. फुटबॉल म्हणजे इथला, हातात घेऊन पळायचा. संघाचं नाव ग्लेझियर्स, पण गावात सगळे त्यांना 'काचवाले' म्हणतात, कारण टोलेडो हे काचेचं गाव. तेव्हापासून प्रत्येक काचवाल्याच्या पाठीवरचं नाव माझ्या सुईखालून गेलेलं आहे.

नाव थेट जर्सीवर शिवत नाहीत, बरं का. आधी अक्षरं एका पट्टीवर, आणि मग ती पट्टी पाठीवर. कारण जर्सी राहते, नाव जातं. कुणी दुखावतो, कुणी नको होतो. असा निकाल बहुधा मंगळवारी लागतो. हॅल पिशवी घेऊन येतो, आणि ज्याचं नाव उसवायचं त्याला बातमी कळायच्या आधी ती आम्हाला कळलेली असते.

म्हणून पिरोश्काबाईंचे दोन नियम होते. पिशवीतली गोष्ट पिशवीत ठेवायची. आणि उसवलेली पट्टी फेकायची नाही. "गेलेली माणसं परत येतात गं," त्या सुनेला सांगायच्या. आता त्या फ्लोरिडाच्या उन्हात शेकत बसल्या आहेत आणि खुर्चीवर रेनाटा आहे. पहिला नियम तिला पटला होता. दुसरा म्हणजे सासूबाईंचा चिकटपणा, असं तिला वाटायचं.

यंदाच्या उन्हाळ्यात संघाच्या एका माणसाचा खांदा निखळला, आणि त्याच्या जागी आर्कान्सॉहून अमोस लेडबेटर आला. त्याचं काम मोठं गमतीचं. किकच्या वेळी वाकायचं, दोन पायांतून चेंडू नेमका मागे फेकायचा, आणि लगेच समोरच्या आडदांडांचा धक्का खायचा. राहायला जागा हवी म्हणून हॅलने त्याला आमच्या गॅरेजवरच्या खोलीत पाठवलं.

पहिल्या दिवशी तो ताटाकडे बघत म्हणाला, "मॅम, हे काय आहे?"

"पाप्रिकाश. कोंबडीच आहे, चावत नाही. आणि मला मॅम म्हणालास तर परत वाढणार नाही."

"बरं, मॅम."

तरीही तिने वाढलं. महिन्याभरात टिल्डा पावाचे गोळे पायांतून मागे फेकायला शिकली. तिचे अर्धे नेम माझ्यावर बसले.

एकदा भांडी पुसता पुसता रेनाटा त्याला म्हणाली, "एवढं खपतोस, पण टीव्हीवर तुझं नाव कुणी घेत नाही."

"घेतलं की समजायचं, माझा चेंडू चुकला," तो हसला. मग जरा थांबून म्हणाला, "याआधी दोन संघांनी हंगाम संपायच्या आत घरी धाडलं. मला फार काही नको. एक आख्खा हंगाम पाठीवर नाव राहावं. बाबांना दाखवायला."

मित्रांनो, ते नाव मीच शिवलं होतं. इंग्रजीत चांगलं लांबलचक, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत. सैल टाका एक नव्हता. पण नाव टिकणं माझ्या टाक्यावर नसतं, हे मला ठाऊक होतं.

काचवाले जिंकत होते. गावात खिडक्याखिडक्यांत झेंडे लागले. आणि ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी हॅल आला. त्याने टोपी काढली नाही, तेव्हाच मी ओळखलं.

"जुन्याचा खांदा बरा झाला. लेडबेटरची पट्टी काढ."

"त्याला सांगितलं?"

"दुपारी साहेब बोलावतील. तोवर तू ब्र काढू नकोस. पट्टी टाकून दे."

रेनाटा उसवायला बसली. अर्धं नाव सुटलं असेल, एवढ्यात फोन वाजला. टिल्डाला ताप चढला होता, बालवाडीतून न्यायला बोलावलं होतं. आई ती आई. कोट एका हातात अडकवून ती धावली. जर्सी तशीच माझ्या पायाखाली राहिली, पाठ वर करून.

आणि अमोस धुतलेला वाडगा परत द्यायला खाली आला.

मला एक पाय आहे, एक सुई आहे. झाकायला हात नाही. लोंबणारं अर्धं नाव त्याने बोटाने सरळ केलं, जसं कुणी झोपलेल्या मुलाचं पांघरूण सारखं करावं.

रेनाटा टिल्डाला खांद्यावर घेऊन आली आणि दारातच थिजली.

"अमोस..."

"सुबक उसवता तुम्ही, मॅम," तो म्हणाला.

त्या दिवशी तिने त्याला 'मॅम' म्हणू नकोस म्हटलं नाही. संध्याकाळच्या आत त्याची गाडी गेली.

पट्टी घेऊन ती कचऱ्याच्या डब्यापर्यंत गेली. झाकण उघडलं. मग बंद केलं, आणि पट्टी सासूबाईंच्या बिस्किटांच्या डब्यात ठेवली. एकाच माणसाला एका दिवसात दोनदा कसं घालवायचं?

त्यानंतर ती माझ्याकडे नीट बघेना. काम करायची, पण परक्याच्या घरी बसल्यासारखी. तेल नाही, साफसफाई नाही. माझ्या पोटात धाग्यांचा कचरा साचला आणि मी टाके सोडू लागले. एकदा तर भर मैदानात एका गड्याची पट्टी एका बाजूने सुटून शेपटीसारखी फडफडली. हॅल म्हणाला, "पोरी, मशीन म्हातारी झाली का?" मला फार लागलं ते. मी म्हातारी झाले नव्हते. मी कोरडी पडले होते.

डिसेंबरात बर्फ आलं. हंगामाचा शेवटचा सामना उरला होता. जिंकला तर काचवाले पुढच्या फेरीत, हरला तर घरी. शनिवारी सकाळी हॅल जर्सी घेऊन दारात उभा.

"जुन्याचा खांदा पुन्हा गेला. लेडबेटर निघालाय, पहाटेपासून गाडी चालवतोय. पण कोऱ्या पट्ट्या संपल्यात आणि नव्या कुठे बर्फात अडकल्यात, देव जाणे. नावाशिवाय मैदानात उतरता येत नाही." त्याने घसा खाकरला. "ती जुनी मी तुला टाकायला सांगितली होती."

"सांगितली होती."

"टाकलीस?"

रेनाटाने बिस्किटांचा डबा उघडला.

हॅलने या वेळी टोपी काढली. "पिरोश्काची सून शोभतेस."

मग ती माझ्याकडे वळली. माझं पोट उघडलं, कचरा काढला, सांध्यासांध्यात तेल सोडलं, नवी सुई लावली. कितीतरी दिवसांनी माझं चाक लोण्यासारखं फिरलं. पट्टीवर जुनी भोकं होतीच. मी सुई नेमकी त्यांच्यात उतरवत गेले. एकही टाका चुकला नाही. चुकणारच नव्हता.

दुपारी अमोस आला, खांद्यांवर बर्फ घेऊन.

"तेव्हा मी ती जर्सी उघडी टाकून गेले," रेनाटा खाली बघत म्हणाली. "तुला असं कळायला नको होतं."

"उलट बरं झालं. साहेबांसमोर रडायचं वाचलं. इथेच जिन्यावर रडून घेतलं." त्याने शिलाईवरून अंगठा फिरवला. "घट्ट आहे ना?"

"माझी मशीन सैल शिवत नाही."

रविवारी टीव्ही शेजारच्या खोलीत होता. मी स्वयंपाकघरातून ऐकलं. शेवटची किक, पांढरं झालेलं मैदान, एकदम गप्प झालेलं स्टेडियम. मग गावभर गलका उठला, इतका की माझी बॉबिन थरथरली.

"आई, अमोसचं नाव घेतलंच नाही त्यांनी," टिल्डा म्हणाली.

"नाही ना? म्हणजे चेंडू बरोबर टाकला," रेनाटा हसत म्हणाली.

पण संघातले सगळे आनंदाने त्याच्या अंगावर पडले, तेव्हा पडद्यावर त्याची पाठ दिसली असावी. टिल्डाने एकेक अक्षर मोठ्याने वाचलं. नाव पुरं होतं.

पुढच्या फेरीत काचवाले हरले. हरणं-जिंकणं चालायचंच. अमोसचा हंगाम मात्र पाठीवर नाव असताना संपला, आणि त्याच्या बाबांनी त्या पाठीचा फोटो आपल्या दुकानात लावला आहे म्हणे. पुढच्या वर्षी संघ त्याला बोलावेल का, हे अजून हॅललाही ठाऊक नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखं कुणी कोपऱ्यात उभं असेल. ते अडलं तर त्याला म्हातारं म्हणण्याआधी दोन थेंब तेल घालून बघा. आणि कधी काही उसवावं लागलंच, तर हळू उसवा. कापडाला लागतं.

आज हंगामाची शेवटची पिशवी आली. रीतच आहे, संपला हंगाम की पट्ट्या उतरवायच्या, जर्स्या धुवायला द्यायच्या. आज बालवाडीला सुट्टी, म्हणून टिल्डा माझ्या टेबलावर चढून बसली आहे. रेनाटाने एकेक टाका जपून सोडवला आणि अमोसची पट्टी डब्यात ठेवली. हिरव्या कापडावर बारीक भोकांची चौकट तेवढी राहिली. टिल्डा तिच्यावरून बोट फिरवत राहिली.

"आई, नाव काढलं. मग ही भोकं कोणाची?"

रेनाटाचा हात माझ्या चाकावर होता. "अमोसचीच," ती म्हणाली.