काठावरची पावलं

गुंजवण्यात मानसिंगनं आज्याची विहीर बुजवली, तिच्यावर स्विमिंग पूल बांधला आणि काठ पुसायला बौद्धवाड्यातल्या फुलाबाईला ठेवलं. पुण्याहून कुणीही यावं, तिकीट काढून डुंबावं, जात कोणी विचारत नाही. फक्त फुलाबाईनं पाण्यात पाय घालायचा नाही.

"मावशी, काठ तुमचा, पानी गिऱ्हाइकाचं," मानसिंग हसून म्हणायचा. हसून म्हटलं की सगळं खपतं, असं त्याला वाटे.

पण काठ काही कोरडा राहीना. टळटळीत दुपारी, पूल रिकामा असताना, खालच्या अंगाला ओली पावलं उमटायची. बायकांची, अनवाणी. काठापर्यंत यायची आणि थांबायची. पुसून पाठ वळली, की पुन्हा तिथंच.

एकदा पुसता पुसता फुलाबाईचा हात थांबला. एका डाव्या पावलाला करंगळी नव्हती. तिच्या आईची, चंद्राबाईची, करंगळी भात कापताना विळ्यानं गेली होती. इथंच तर उभी राहायची आई, वाड्यातल्या सगळ्या बायांबरोबर, उन्हात, हंडा खाली ठेवून. विहिरीला शिवायचं नाही. वरच्या आळीतलं कुणी येऊन वरून ओतेल, तेव्हा पाणी. विहीर गेली, आईही गेली, पण तिचं वाट बघणं काही सरलं नव्हतं.

फुलाबाईला भडभडून आलं. तिनं पुलातून बादली भरून घेतली आणि "घे गं आये" म्हणत त्या पावलांवर ओतली.

पावलं सर्रकन मागं सरली.

तिला आधी कळेना. मग कळलं, आणि लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनंही वरूनच ओतलं होतं.

"चुकलं माजं," ती पुटपुटली. बादली ठेवून, पदर खोचून, लुगड्यासकट पायऱ्या उतरू लागली.

"मावशी! कुठं उतरताय? काम जाईल बरं का!" मानसिंग ऑफिसातून ओरडला.

"जाऊ द्या," फुलाबाई मागं न बघता म्हणाली. छातीभर पाण्यात उभी राहून तिनं हाक मारली, "आये, उतर आता. समद्यास्नी घिऊन ये."

फुलाबाई तर मूठभर हाडांची म्हातारी. पण पाणी चढलं, चारी काठांवरून बदाबदा सांडलं आणि सांडतच राहिलं. मानसिंग तरातरा आला तो काठाशीच थबकला. पाण्यात पाय घालायची त्याची छाती झाली नाही.