सोडू नका

सदाशिवकाकांनी जन्मात कधी फुटबॉलला पाय लावला नाही, पण पुसदमध्ये आपल्याएवढा फुटबॉल कोणाला कळत नाही, असं ते स्वतःच सांगत फिरायचे. कापसाची चांगली जमीन, घरी सोन्यासारखी माणसं, आणि तोंड मात्र सुटलेलं. मॅच असली की घरून प्लास्टिकची खुर्ची आणायची, ती बरोबर माझ्या गोलच्या मागे टाकायची आणि शिट्टीपासून शिट्टीपर्यंत माझ्या पाठीवर ओरडायचं. "बादल, सोडू नको! बॉल सोडला तं हात तोडीन तुहे!" लोकांना वाटायचं, हा माणूस एक दिवस पोराला खरंच मारणार. मला मात्र त्या आवाजाची सवय झाली होती. खरं सांगायचं तर तो पाठीशी नसला की मला चुकल्यासारखं व्हायचं.

मॅच संपली की चहाच्या टपरीवर काकांचा दरबार भरायचा. कोणाला ठेवायचं, कोणाला हाकलायचं, सगळे निकाल तिथेच लागायचे. "तो धम्मरत्न? पळते चांगला, पण कुठं पळून राह्यला हे त्यालेच मालूम नाही. सोडा त्याले." "लालसिंगले ठेवा. डोकं नाही त्याले, पण मांड्या पाहा, मांड्या." "आन् कोचले पयले सोडा. इहिरीत सोडा." पोरं हसायची, पण ऐकायचीही, कारण काकांचं बोलणं बहुतेक वेळा खरं निघायचं. आमचा मॅनेजर नयन काकांना विचारल्याशिवाय पान हलवायचा नाही. सराव काकांच्याच पडीत वावरात चालायचा, हेही एक कारण.

आमच्या लीगचा नियम साधा आहे. हंगाम संपला की प्रत्येक संघानं चार खेळाडू ठेवायचे आणि बाकीचे सोडायचे. सोडलेल्यांची निवड यवतमाळला होते, आणि तळाला राहिलेल्या संघाला पहिला खेळाडू उचलायचा मान मिळतो. यंदा तळाला झरी जामणी होती, आणि त्यांचा गोलकीपर बॉल आला की डोळे मिटायचा. म्हणजे पुसदनं मला सोडलं की मी झरीत गेलोच. जिल्ह्याचं दुसरं टोक. मला जायचं नव्हतं. मी तांड्यावरून सायकल हाणत येऊन, ओठ फोडून घेऊन, बरगडी मोडून घेऊन पुसदच्या गोलातली जागा कमावली होती. ती मला पाहिजे होती, दुसरं काही नको होतं.

त्या जागेवर आणखी एकाचा डोळा होता. कपिल, काकांचा एकुलता एक मुलगा, आमचा दुसरा गोलकीपर. माझ्याहून उंच, माझ्याहून धिप्पाड. सरावात भिंतीसारखा उभा राहायचा, पण मॅचमध्ये घातला की त्याचे हात थरथरायचे. म्हणून बाकावर बसायचा. बसून बसून त्याचा चेहरा बाकासारखाच झाला होता. तरी मॅचच्या आधी माझ्या ग्लोव्ह्जचे पट्टे तोच आवळून द्यायचा, आणि पाणी आम्ही एकाच बाटलीतून प्यायचो.

फायनल कळंबशी होती. ती मॅच कसली, खाटीकखाना होता. लालसिंगनं त्यांच्या एकाच्या गुडघ्यावर बूट घातला, त्यांनी लालसिंगच्या भुवईवर कोपर. त्यांचा फॉरवर्ड प्रत्येक कॉर्नरला मला डिवचायचा, "ए तांड्या, घरी बकऱ्या वाट पाहून राह्यल्या." तिसऱ्या वेळी मी बॉलच्या आधी त्याचं नाक ठोसलं. पुढच्या कॉर्नरला त्यानं माझ्या तोंडावर डोकं आपटलं आणि माझा दात जिभेवर आला. मी तो थुंकला. ग्लोव्ह्ज रक्तानं बुळबुळीत झाले होते. मॅच संपत आलेली, बरोबरी होती, आणि एक मेलेला, सरपटत आलेला बॉल मी दोन्ही हातांनी धरला आणि तो सुटला. माझ्या दोन पायांमधून आत गेला. पोरगं झोपेत कूस बदलतं तितका हळू गेला.

शिट्टी वाजली आणि दगड सुरू झाले. बाटल्या आल्या, चपला आल्या. "इकल्या गेला भडवा!" कोणीतरी ओरडलं, म्हणजे मी पैसे खाऊन बॉल सोडला, आणि मग सगळेच तेच ओरडायला लागले. मागून सदाशिवकाकांची खुर्ची आली आणि माझ्या पाठीत बसली. "हात तोडा याचे! तोडा!" काका ओरडत होते, मानेच्या शिरा तटतटलेल्या. दगडांपेक्षा ती खुर्ची मला जास्त लागली.

पण काकांचा राग म्हणजे दुधाचा ऊत. घरी गेले, अंघोळ केली, विमलकाकूंच्या हातचा चहा प्यायले, आणि नेहमीसारखा मोबाईल तोंडाशी धरून ग्रुपवर आपलं मत पाठवलं. ग्रुपवर सगळं पुसद होतं. काकांचे निरोप मारुतीच्या शेपटीएवढे लांब असायचे, त्यामुळे लोक सुरुवात ऐकायचे, अंगठा टाकायचे आणि पुढे जायचे.

मी नळावर तोंड धुऊन सायकलनं तांड्याकडे निघालो होतो. दिवस मावळतीला आला होता. कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या भिंतीपाशी मागून मोटारसायकली आल्या. पहिलीनं माझं मागचं चाक उडवलं. मी उठायच्या आत पोटात लाथ बसली. ओळखीची पोरं होती. कालपर्यंत माझ्या नावाचा जयजयकार करणारीच. एकाच्या खिशात मोबाईल वाजत होता, आणि त्यातून काकांचा आवाज येत होता. "ऐका रे सगळे. बादलले सोडू नका. काही होवो, काही करा, पण बादलले सोडू नका."

"आयकलं काय बे?" एकजण माझे केस धरून म्हणाला. "काकाचा हुकूम आहे."

त्यांनी मला सोडलं नाही. पट्ट्यानं मारलं, सायकलच्या चेननं मारलं. मी डोकं गुडघ्यांत घालून गोल झालो, तर पाठीवर उभे राहिले. एकाच्या पिंढरीचा मी चावा घेतला, मांस तोंडात येईपर्यंत दात सोडले नाहीत, आणि त्याबद्दल कानावर वीट खाल्ली. त्यानंतर एका बाजूचं जग मुकं झालं. उरलेल्या कानानं मी त्यांची नावं घेऊन शिव्या देत होतो. याचना केली नाही, हे मला सांगायचं आहे.

मग गर्दी फाटली आणि कपिल आला. किट अंगातच होता, बूट पायातच. मला वाटलं, सुटलो. मी त्याच्याकडे हात केला. त्यानं तो मनगटाशी धरला, खाली डांबरावर ठेवला, आणि त्यावर बूट ठेवला. मग वाकला. बाकीच्यांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाला, "हातात दम नाही म्हणते. तुह्या हातात किती आहे, पाहू."

त्यानं टाच फिरवली. वाळलेली तुराटी मोडते तसा आवाज आला. त्यानं पुन्हा फिरवली. मी ओरडलो तो आवाज मला माझा वाटला नाही.

तेवढ्यात काकांची स्कूटर आली. मला संघात ठेवायला सांगितलंय, हे मला स्वतःच्या तोंडानं सांगायला ते तांड्याकडेच निघाले होते. समोरचं बघून त्यांनी स्कूटर तशीच आडवी टाकली, जिनिंगच्या फाटकात उभ्या बैलगाडीची उभारी, कडेचा लाकडी दांडा, उपसली आणि घुसले. पहिल्या पोराचं डोकं फुटलं. दुसऱ्याच्या हाताचं हाड वाजलं. "सोडा! सोडा त्याले, हरामखोरांनो! सोडा म्हणतो ना!" म्हातारा माणूस, धोतर सुटत चाललेलं, आणि उभारी गरगर फिरते आहे. पोरं पळाली. कपिल पळाला नाही. बूट माझ्या मनगटावरच होता. काकांनी उभारी त्याच्या खांद्यावर घातली, तो गुडघ्यावर आला. काकांनी पुन्हा उचलली.

"बाबा," कपिल म्हणाला, "तुमीच तं म्हणले, सोडू नका."

काकांच्या हातातून उभारी गळून पडली.

दवाखान्यात रात्र कशी गेली ते मला आठवत नाही. सकाळी डोळे उघडले तेव्हा हाताला कोपरापर्यंत प्लास्टर होतं. हाड जुळेल, डॉक्टर म्हणाले, पण मनगट पूर्वीसारखं फिरेल याची हमी नाही. याडी, म्हणजे माझी आई, माझ्या दुसऱ्या हाताशी बसून होती आणि एकच विचारत होती, "काई वेगो रे, बेटा? काई वेगो?" काय झालं ते तिला कोण सांगणार? बाप धनसिंग खिडकीपाशी उभा होता. खाली आवारात तांड्यावरची माणसं जमली होती, काठ्या घेऊन.

"नाव सांग," बाप म्हणाला. "मनगट कोणं मोडलं, तेवढं नाव सांग. आज त्याचं घर राहत नाही."

मी नाव सांगितलं नाही. राग नव्हता असं नाही. राग इतका होता की उरलेले दात कडकड वाजत होते. पण मला एक गोष्ट समजली नव्हती, आणि ती समजल्याशिवाय बोलायचं नव्हतं. कपिलचं ते वाक्य. हातात दम नाही म्हणते. कोण म्हणते?

दहाच्या सुमारास काका आले. सोबत नयन होता, ठेवायच्या चार नावांचा कागद घेऊन. आजच पाठवायचा होता. काकांच्या तोंडाला मी पहिल्यांदाच कुलूप बघितलं. ते माझ्या बापासमोर उभे राहिले आणि त्यांनी चक्क हात जोडले.

"धनसिंगभाऊ, माह्या पोराची चुकी झाली. त्याले मी संग आणलं, भायेर बसवलं. तुमी म्हणसान तं पायावर घालतो. पण त्यानं मुद्दाम नाही केलं. शब्दाचा घोळ झाला हो! मी म्हणलो सोडू नका, म्हणजे संघातून सोडू नका. पोट्टे समजले, मारल्याबिगर सोडू नका. पुरं कोणी आयकलंच नाही. कोणीच नाही आयकत माहं पुरं."

"पुरं काय म्हणले होते तुम्ही, काका?" मी विचारलं.

काकांना कोणी मत विचारलं की ते विसरतात, आपण कुठे उभे आहोत ते. तेव्हाही विसरले. जोडलेले हात सुटले, बोट वर आलं. "अरे, मी साफ सांगतलं! म्हणलं, एका बॉलवरून गोलकीपर पारखत नसतेत. दात पडला तरी उभा राह्यला तो पोट्टा. पुढच्या निवडीत झरीवाले त्याच्यावर टपून बसले आहेत, बादलले सोडू नका. मारायचं तं मले मारा, खुर्ची मी फेकली. आन् ज्याले सोडायचं त्याले सोडा. शेवटी तं म्हणलो, माह्या कपिलले सोडा. बाप आहो म्हणून सांगतो, त्याच्या हातात दम नाही."

माझ्या प्लास्टरमध्ये मनगट ठणकायला लागलं, जणू ते वाक्य मनगटानंच आधी ओळखलं.

"काका," मी म्हणालो, "तुमच्या पोरानं बरोबर आयकलं."

"म्हणजे?"

"पुऱ्या पुसदात शेवटपर्यंत आयकणारा तो एकटाच निंगाला. टाच फिरवायच्या आधी मले म्हणला, हातात दम नाही म्हणते. तवा मले समजलं नाही, कोण म्हणते."

काकांचं तोंड उघडं राहिलं. मी त्यांच्याकडे बघत राहिलो, मुद्दाम. बघून घ्यावं असं वाटत होतं मला. आधी त्यांचं बोट खाली आलं, मग मान, मग ते खाटेची कड धरून उभे राहिले. मग खोलीबाहेर गेले.

नयननं घसा खाकरला. "बादल, मी तुहं नाव ठेवतो. हात जुळन तवा जुळन. समदे मिळून तुही माफी मागू."

"मले सोडा," मी म्हणालो.

"इचार कर, बावा. झरीवाले मोडका हात घेतीन काय?"

"घेतीन तं घेतीन, नाही तं घरी राहीन. पण त्या लोकायसमोर उभा नाही राहत मी. सोडा मले."

त्यानं कागदावर रेघ मारली. ती जागा मी इतकी धरून ठेवली होती, आणि ती जायला एक रेघ पुरली. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

मग बापाला म्हणालो, "बा, माणसं घरी पाठव. काठ्या नको. पोलिसात नाव मी सांगतो. कपिल सदाशिवराव."

याडीनं मला उठवून बाहेर आणलं. व्हरांड्यात बाकावर कपिल बसला होता, एक हात गळ्यात बांधलेला. काका त्याच्यासमोर खाली फरशीवर बसले होते, आणि त्याचा मोकळा हात त्यांनी आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला होता. कपिल भिंतीकडे बघत होता.

"सोडा, बाबा," तो म्हणत होता. "सोडा ना."

काका सोडत नव्हते. तोंडानं एक शब्द न बोलता ते नुसते धरून बसले होते. मला त्यांची दया आली नाही, आणि कपिलचीही नाही. पोलीस स्टेशन जवळच होतं. आम्ही चालतच निघालो.